घडीची विजेची सायकल : सोय किती, सुख किती?

मनुष्याने आपल्या पायांचे श्रम वाचविण्यासाठी जी जी साधने निर्माण केली, त्यांत सायकलीइतके गुणी साधन दुसरे क्वचितच सापडेल. तिला दाणावैरण लागत नाही, पेट्रोल लागत नाही. ती धूर ओकत नाही, की शेजाऱ्याची झोप मोडत नाही. आमच्या गोमंतकात पहाटे भोंपू वाजवीत गरम पाव घेऊन येणारा पोदेर आजही बहुधा सायकलीवरूनच येतो. अशा या जुन्या, विश्वासू सेविकेला अलीकडे दोन नवी अंगे फुटली आहेत. एक म्हणजे विजेची मोटर आणि दुसरे म्हणजे बिजागरी. मोटरीमुळे ती चढावर आपल्याला साहाय्य करते आणि बिजागरीमुळे ती मिटून, गाठोड्यासारखी काखेला मारून कोठेही नेता येते, असे तिच्या जाहिराती सांगतात.

या दोन्ही गोष्टी ऐकावयास फार गोड आहेत. त्यामुळे "आमच्या मुलाला अशी सायकल घेऊन द्यावी काय?" असा प्रश्न पालक विचारतात, आणि "ही सायकल आली म्हणजे स्कूटर नको, बसही नको," असे वरच्या वर्गांतील विद्यार्थी उत्साहाने सांगतात. ज्या घरात महिन्याचा खर्च मोजून मापून होतो, त्या घरी ही खरेदी किरकोळ नव्हे. साध्या सायकलीच्या कितीतरी पट किंमत हिला पडते. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. घडीच्या विजेच्या सायकलीची चाके लहान असतात, बहुधा १६ किंवा २० इंच व्यासाची. मधला दांडा बिजागरीवर दुमडतो, हँडलची नळी खाली वळते, सीट आत सरकते आणि सारी सायकल एखाद्या मोठ्या सुटकेसएवढी होते. मोटर बहुतेक वेळा चाकाच्याच मध्यभागी बसविलेली असते आणि बॅटरी दांड्याच्या आत, सीटच्या नळीत किंवा पुढच्या पिशवीत असते.

ही कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. चाकाच्या मध्यभागी मोटर असलेल्या सायकलीचे पेटंट अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ऑग्डेन बोल्टन याला ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बी. एस. ए. कारखान्याने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या सायकली तयार केल्या होत्या. लंडनचा अभियंता अँड्र्यू रिची याने १९७५ च्या सुमारास आपल्या राहत्या घरात एक घडीची सायकल जुळविली. घराच्या खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसत असे, म्हणून तिचे नाव 'ब्रॉम्प्टन' पडले. तिची चाके १६ इंची होती, आणि मिटल्यावर तेलकट साखळी दोन चाकांच्या मध्ये लपून कपड्यांना डाग पडत नसे. एवढ्या लहान गोष्टीचाही विचार त्या माणसाने केला होता. पायडल मारणाऱ्याच्या जोराला मोटरीने जोड द्यावी, ही रीत जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या स्वस्त झाल्यावर या दोन प्रवाहांचा संगम झाला. २०१७ मध्ये ब्रॉम्प्टननेही आपली विजेची सायकल जाहीर केली. आपल्याकडे पुण्याच्या ईमोटोराड या कंपनीने जाड टायरची घडीची विजेची सायकल विकावयास काढली आहे.

कोणत्याही वाहनाची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी, असे मला वाटते. पहिला प्रश्न सोयीचा : ते आपले काम करते काय? दुसरा सुखाचा : ते करताना देहाला काय सोसावे लागते? जाहिराती या दोहोंची गल्लत करतात. म्हणून आपण ते निरनिराळे घेऊ.

सोयीच्या प्रश्नात पहिली गोष्ट ही, की सायकल मिटण्याची गरज मुळात कोणाला पडते? आमच्याकडील नित्याचा प्रवास पाहा. चोडणहून किंवा दिवाडीहून येणारा मनुष्य फेरीबोटीने नदी ओलांडतो. फेरीबोटीत सायकल उभीच्या उभी चढते, तिची घडी घालावी लागत नाही. शाळा गावातच आहे आणि अंतर तीन-चार किलोमीटरांचे आहे, तर घरापासून शाळेपर्यंत सायकल सरळ जाते. येथेही घडीचे काही काम नाही. घडीचे खरे काम पडते ते प्रवास मध्येच तुटतो तेव्हा. कोकण रेल्वेची उदाहरणे घ्या. थिवीचे स्थानक म्हापसा शहरापासून आणि करमळीचे स्थानक पणजीपासून दहा-बारा किलोमीटर दूर आहे. गाडीतून उतरलेल्या प्रवाशाने पुढे काय करावे? तो बसची वाट पाहतो, रिक्षाशी घासाघीस करतो, किंवा पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीच्या पायलटामागे बसतो. अशा प्रवाशाजवळ मिटलेली सायकल असली आणि ती गाडीत ठेवावयास जागा मिळाली, तर त्याचा दिवसाचा एखादा तास खचित वाचेल. त्याचप्रमाणे शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणारा, ज्याच्या इमारतीला सायकल ठेवण्यास जागा नाही आणि रस्त्यावर ठेवावी तर चोरीची भीती, अशालाही घडीचा उपयोग आहे.

परंतु याच ठिकाणी दुसरी गोष्ट आडवी येते. ती म्हणजे वजन. साधी घडीची सायकल अकरा-बारा किलोंची असू शकते. तीत मोटर आणि बॅटरी आली, म्हणजे ती पुष्कळदा सुमारे १७ किलोंची होते आणि जाड टायरच्या सायकली पंचवीस किलोंपर्यंत व त्याहूनही पुढे जातात. वीस किलो म्हणजे वीस लिटर पाण्याने भरलेला जार. असा जार घेऊन कोणी कदंब बसच्या पायऱ्या चढून पाहाव्या, किंवा खाजगी बसच्या अरुंद दारातून, मागून प्रवासी ढकलीत असताना, आत शिरून पाहावे. मग 'काखेला मारून न्या' या शब्दांचा अर्थ उमगेल. पाण्याचा जार निदान गुळगुळीत तरी असतो. मिटलेल्या सायकलीला पायडल, ब्रेकच्या तारा आणि कोपरे असतात, आणि ते शेजाऱ्याच्या पोटरीला लागतात. घडी घालावयास वीस-तीस सेकंद पुरतात, ते खरे आहे. पण घडी घातल्यानंतरची दोन मिनिटे अधिक महत्त्वाची असतात आणि त्यांचा उल्लेख जाहिरातीत नसतो.

येथे एक विरोध ध्यानात घेतला पाहिजे. घडी ही उचलण्यासाठी आहे, आणि मोटर तर उचलणे कठीण करते. म्हणून ज्याला जिने चढावयाचे आहेत त्याने आधी वजन पाहावे आणि नंतर बॅटरी एका दमात किती किलोमीटर नेते ते पाहावे. दुकानात सायकल प्रत्यक्ष उचलून जिन्याच्या दहा पायऱ्या चढावे, ही साधी कसोटी सर्व माहितीपत्रकांपेक्षा उपयोगी आहे. मिटलेली सायकल तिच्या स्वतःच्या चाकांवर ढकलीत नेता येते की नाही, हेही पाहावे. फलाटावर ही सोय फार कामास येते.

आता सुखाकडे वळू. लहान चाकावर बसून खड्ड्यातून जाताना जो तडाखा बसतो, तो केवळ मनाचा भास नाही. मी या जातीची सायकल चालवून पाहिली आहे. गुळगुळीत डांबरावर ती इतकी चपळ वाटते, की बसणाऱ्याला आपले वय विसरावयास होते. पण डांबर संपून जांभ्या दगडाचा कच्चा रस्ता लागला, म्हणजे मनगटे आणि कंबर तक्रार करू लागतात. याचे कारण भूमितीत आहे, आणि ते नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना स्वतः काढता येण्यासारखे आहे.

सोळा इंची चाकाची त्रिज्या सुमारे २० सेंटीमीटर आणि अठ्ठावीस इंची चाकाची सुमारे ३५ सेंटीमीटर धरा. रस्त्यात २० सेंटीमीटर रुंदीचा खड्डा आहे. चाक खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकेपर्यंत खाली उतरणार. त्रिज्या हा कर्ण, खड्ड्याची अर्धी रुंदी म्हणजे १० सेंटीमीटर ही एक बाजू. पायथागोरसाच्या सिद्धांताने दुसरी बाजू काढा आणि ती त्रिज्येतून वजा करा. लहान चाक सुमारे २.७ सेंटीमीटर खाली जाते आणि मोठे चाक अवघे १.५ सेंटीमीटर. खड्डा एकच, पण लहान चाकासाठी तो जवळजवळ दुप्पट खोल होतो.

तसेच ३ सेंटीमीटर उंचीच्या दगडाचे पाहा. दगडाला स्पर्श झाल्यापासून त्याच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत लहान चाक सुमारे १०.५ सेंटीमीटर पुढे जाते, मोठे चाक १४ सेंटीमीटरांहून थोडे अधिक. ताशी १८ किलोमीटर वेग असता लहान चाकाला या चढणीस एका सेकंदाचे २१ सहस्रांश मिळतात आणि मोठ्याला २८. तीच उंची कमी वेळात चढावी लागली, की धक्का तीव्र होतो. टायर दबतो म्हणून प्रत्यक्षातील आकडे थोडे बदलतील, पण निष्कर्ष बदलणार नाही.

या दोषाची जाणीव लहान चाकांच्या पुरस्कर्त्यांनाही पूर्वीपासून होती. इंग्लंडच्या अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये लहान चाकांची सायकल बाजारात आणली, तेव्हा तीत धक्के शोषण्यासाठी रबराची योजना केली होती. चाक लहान केले तर धक्क्यांची तरतूद वेगळी करावीच लागते, हा त्यांचा विचार होता. आजचे कारखानदार ही तरतूद दोन प्रकारांनी करतात. काहीजण स्प्रिंग बसवितात, काहीजण तीन-चार इंच रुंदीचे टायर घालून त्यांत हवा कमी ठेवतात. दोन्ही उपायांनी सुख वाढते, यात संशय नाही. परंतु दोन्हींनी वजनही वाढते, आणि वजन वाढले की पुन्हा जिन्याचा प्रश्न उभा राहतो. अशा रीतीने सोय आणि सुख या दोन पारड्यांपैकी एक खाली केले, की दुसरे वर जाते. ज्या सायकलीत दोन्ही पूर्ण आहेत, अशी सायकल मला तरी अद्याप दिसलेली नाही.

आणखी दोन गोष्टी चालविणाऱ्याच्या ध्यानात येतात. लहान चाकाच्या सायकलीचे हँडल फार हलके वळते. गर्दीत वाट काढताना हा गुण आहे, पण उतारावर वेगात असता, किंवा हात दाखवून वळण घेण्यासाठी एक हात सोडला असता, तोच दोष ठरतो. दुसरे असे, की हँडलची नळी लांब आणि बिजागरीवर उभी असल्याने जोर दिला असता ती किंचित लवते. बिजागरीचा खटका नीट बसला आहे की नाही, हे प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी हाताने दाबून पाहिलेच पाहिजे. हा नियम आळसाने मोडणाऱ्याने ही सायकल घेऊ नये.

दोष सांगितले, आता गुणही मोकळ्या मनाने सांगितले पाहिजेत. मोटरीच्या दृष्टीने लहान चाक हे वरदान आहे. तोच पीळ देणारी मोटर २० सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकात बसविली, तर ३५ सेंटीमीटरच्या चाकापेक्षा रस्त्यावर पावणेदोनपट रेटा देते. शिवाय ताशी २५ किलोमीटर वेगाला मोठे चाक मिनिटास सुमारे १९० फेरे घेते आणि लहान चाक सुमारे ३३०. मोटरीला मंद फिरण्यापेक्षा जलद फिरणे मानवते, म्हणून चढावर लहान चाकातील मोटर कमी तापते. आमची भूमी चढउतारांची आहे. पणजीत आल्तिनोवर पायडल मारीत जाऊन मग घामाने भिजल्या कपड्यांनी कचेरीत बसणे कोणालाही आवडणार नाही. येथे विजेचे साहाय्य ही चैन नसून गरज आहे, असे मी म्हणेन.

खर्चाचाही हिशेब पाहा. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास, अर्थात एका युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक वीज. सायकल आणि मनुष्य मिळून १०० किलो भार ६० मीटर उंचीच्या टेकडीवर नेण्यास सुमारे १६ वॅट-तास लागतात; मोटरीतील नाश धरला तर वीस म्हणा. आपण पायडल मारीत राहिलो, तर एवढ्या बॅटरीवर चढउतारांच्या प्रदेशातही पंचवीस-तीस किलोमीटर प्रवास सहज होतो. विजेचा हा खर्च नगण्य आहे. खरा खर्च असतो बॅटरीचा, कारण ती काही वर्षांनी जीर्ण होते आणि नवी घ्यावी लागते. हा आकडा विकत घेण्यापूर्वीच दुकानदाराकडून लिहून घ्यावा.

स्त्रियांच्या दृष्टीने या सायकलीत आणखी एक गुण आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. तिचा दांडा खाली असतो, त्यामुळे साडी किंवा सलवार नेसलेल्या बाईला चढण्या-उतरण्यास संकोच पडत नाही. सीटची उंची चटकन बदलते, म्हणून एकाच घरातील आई, मुलगी आणि भाऊ एकच सायकल वापरू शकतात. साखळीवर झाकण आणि चाकांवर मडगार्ड आहेत की नाही, हे मात्र पाहून घ्यावे.

पावसाळ्याचा विचार केल्यावाचून गोव्यात कोणतेही वाहन घेऊ नये. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस जेथे पडतो, तेथे पाण्याखाली लपलेला खड्डा लहान चाकाचा शत्रू आहे. खाऱ्या हवेने बिजागऱ्या आणि खटके गंजतात. त्यांना तेलपाणी वेळेवर हवे. बॅटरी भिजू देऊ नये आणि भिजलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. लिथियमच्या बॅटरीला आग लागली, तर ती विझविणे कठीण असते. म्हणून कंपनीने दिलेलाच चार्जर वापरावा, रात्री सर्व निजल्यावर चार्जिंग करू नये आणि घराबाहेर पडण्याच्या वाटेवर बॅटरी ठेवू नये. विमानाने प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांहून मोठी बॅटरी नेता येत नाही. म्हणजे घडीची सायकल विमानात गेली, तरी तिची बॅटरी मागेच राहणार.

येथे कायद्याचा मुद्दा निघतो, आणि शाळेच्या अंकात तो स्पष्टपणे मांडणे मी कर्तव्य समजतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांना ५० सी. सी. हून मोठ्या इंजिनाची स्कूटर चालविण्याची परवानगी नाही, तरी शाळा सुटल्यावर रस्त्यात काय दिसते, ते आपण सर्व जाणतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात जी सुधारणा झाली, तीप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. याउलट, जिच्या मोटरीची शक्ती २५० वॅटच्या आत आहे, जी ताशी २५ किलोमीटरला पोहोचताच किंवा पायडल थांबताच मोटरीचे साहाय्य बंद करते आणि जी अधिकृत संस्थेने तपासलेली आहे, अशी सायकल केंद्रीय नियमांप्रमाणे मोटार वाहन मानली जात नाही. तिला परवाना लागत नाही. मात्र बाजारात याहून शक्तिमान मोटर बसविलेल्या 'सायकली'ही मिळतात. त्या दिसावयास सायकली असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने वाहनेच होत. तेव्हा तपासणीचे प्रमाणपत्र मागितल्यावाचून पैसे देऊ नयेत.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे. मुलाच्या हाती स्कूटर देण्यापेक्षा विजेची सायकल देणे शतपटीने बरे. परंतु त्याच्या शाळेचा रस्ता जर घरापासून फाटकापर्यंत सरळ असेल, तर ती घडीची असू नये. मोठ्या चाकांची असावी. बिजागरीसाठी जादा पैसे द्यावयाचे, लहान चाकांचे धक्के खावयाचे आणि घडी मात्र वर्षातून एकदा, पाहुण्यांना दाखविण्यासाठी घालावयाची, हा व्यवहार शहाणपणाचा नाही. आणि अंतर दोन-तीन किलोमीटरांचे, रस्ता सपाट आणि प्रकृती धडधाकट असेल, तर मोटर तरी कशाला हवी? चौदा-पंधरा वर्षांच्या पायांत जी शक्ती आहे, ती कोणत्याही बॅटरीत नाही आणि ती खर्च केल्याने वाढते.

यावर कोणी म्हणेल, "मग ही घडीची विजेची सायकल निरुपयोगीच म्हणा ना!" तसे मी मुळीच म्हणत नाही. ज्याचा प्रवास रोज दोन-तीन ठिकाणी तुटतो, ज्याला गाडीत किंवा कचेरीत सायकल आपल्याजवळ ठेवावी लागते आणि ज्याचा रस्ता बराचसा डांबरी आहे, त्याच्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. लंडनमध्ये आगीच्या धोक्यामुळे ३१ मार्च २०२५ पासून भुयारी रेल्वेत विजेच्या सायकली नेण्यास बंदी झाली, तेव्हा घडीच्या विजेच्या सायकलींना मात्र त्यातून वगळण्यात आले. जपानात सायकल मिटवून किंवा सुटी करून पिशवीत घातल्यास ती आगगाडीत नेता येते, आणि पुष्कळ लोक तशी नेतात. तेथील गाड्यांत आणि फलाटांवर या साधनाला स्थान आहे, म्हणून त्याचा गुण दिसतो. आमच्या गर्दीच्या बसमध्ये तोच गुण दुसऱ्यांस उपद्रव होतो. यात दोष सायकलीचा म्हणावा, की व्यवस्थेचा?

माझ्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. सायकल सुरक्षितपणे ठेवावयास जागा नाही, म्हणून माणूस ती मिटवून बरोबर नेऊ पाहतो. बसस्थानकावर छप्पर नाही, रेल्वे स्थानकावर राखण नाही, इमारतीत कोपरा नाही. या सार्वजनिक उणिवेचे ओझे प्रत्येकजण वीस किलोंच्या रूपाने आपल्या खांद्यावर घेत आहे आणि त्यासाठी पदरचे पैसेही मोजीत आहे. नेदरलँड्समधील उत्रेक्त येथे रेल्वे स्थानकाखाली २०१९ मध्ये सुमारे साडेबारा हजार सायकली ठेवण्याची जागा पूर्ण झाली. तेथील मनुष्य मोठ्या चाकांच्या सुखाच्या सायकलीवर येतो, ती छपराखाली लावतो आणि मोकळ्या हातांनी गाडीत चढतो. आम्हाला साडेबारा हजारांची गरज नाही. थिवीला आणि करमळीला शंभर-शंभर सायकलींचे, कुलूप लावता येईल असे, पावसापासून आडोसा असलेले ठाणे झाले आणि प्रत्येक शाळेत पन्नास सायकलींचे पत्र्याचे छप्पर झाले, तर घडीच्या सायकलीची गरज पुष्कळ अंशी उरणार नाही. पत्र्याच्या छपराचा खर्च तो कितीसा? बालरथासाठी शासन खर्च करते, ते योग्यच आहे. त्याच खर्चाशेजारी या छपराचीही नोंद व्हावी, अशी मागणी शिक्षक-पालक संघांनी करावयास हरकत नाही. आमच्या शाळेपासूनच तिचा आरंभ व्हावा, असे मला मनापासून वाटते.

विद्यार्थिमित्रहो, नवे यंत्र दिसले की त्याकडे धाव घेणे हा तारुण्याचा धर्म आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण धाव घेण्यापूर्वी एक लहानसे काम करा. एक कागद घ्या आणि त्यावर आपला रोजचा रस्ता लिहा : किती किलोमीटर, किती चढ, किती खड्डे, किती ठिकाणी उतरावयाचे, किती पायऱ्या चढावयाच्या आणि सायकल कोठे ठेवावयाची. वर सांगितलेले खड्ड्याचे गणितही सोडवून पाहा. मग त्या कागदाला विचारा, की मोटर हवी काय आणि घडी हवी काय. दोन्ही प्रश्नांची उत्तरे 'होय' आली, तर ही सायकल अवश्य घ्या आणि सुखाने वापरा. एकच 'होय' आले, तर तेवढेच घ्या. आणि दोन्ही उत्तरे 'नाही' आली, तर घराच्या पडवीत धूळ खात पडलेली वडिलांची जुनी सायकल बाहेर काढा, तिच्या साखळीला तेल घाला, ट्यूबमध्ये हवा भरा आणि उद्यापासून तिच्यावरून शाळेला या.